नावेतला जालिंदर

"त्या दिवशी नावेत तुम्ही मला ओवी म्हणून दाखवलीत ना," पोह्यांवर खोबरं पेरता पेरता हेमांगी म्हणाली, "तिची दुसरी ओळ काय होती हो? सकाळपासून पहिलीच ओठांवर फिरतीय."

जालिंदरचा घास हातातच राहिला. "कुठल्या नावेत?"

"असं काय करताय? संगमावर. तुम्ही वल्हं आत ओढून घेतलंत, आणि नाव आपली आपण फिरत राहिली."

"हेमा, मी नावेत बसत नाही." त्यानं घास परत ताटलीत ठेवला. "मला पोहता येत नाही. तुझ्या भावानं एकदा ओढून बसवायला बघितलं, तर मी घाटावरच्या खांबाला मिठी मारून बसलो होतो. सगळे हसत होते. तूसुद्धा."

हेमांगी हसली, आणि हसता हसता थांबली. खांब तिला आठवत होता. त्याला घातलेली मिठी आठवत होती. आणि नावही आठवत होती. पाण्याचा गार वास, वल्ह्यावरून निथळणारे थेंब, उन्हात मिटलेले त्याचे डोळे. दोन्ही आठवणी एका पाटावर बसलेल्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि खरी कोण, हे दोघींपैकी एकही सांगत नव्हती.

कऱ्हाडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. एक वरून येते, एक खालून, आणि उराउरी भेटून दोघी मिळून पूर्वेला वळतात. त्या भेटीच्या जवळच, घाटाच्या पायऱ्या चढून गेलं की एक छोटं वाचनालय होतं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी तिथं घटकाकथेची बैठक भरे.

तोवर यंत्रं पापणी लवायच्या आत कथा लिहू लागली होती. कुणाच्याही आवडीची, कितीही लांब. म्हणूनच की काय, माणसांना वेळ लावून, घाम गाळून, हातानं लिहायची हौस आली होती. गावोगावी असे कट्टे निघाले होते. कऱ्हाडचा कट्टा भाऊकाकांचा. भाऊकाकांनी जन्मभर लग्नं लावली होती, आणि मुहूर्त साधायचं त्यांचं तांब्याचं घटिकापात्र अजून जवळ होतं. बुडाला बारीक भोक असलेली वाटी. पाणी भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी वर येत राहतं, वाटी जड होत जाते, आणि घटका भरली की डुबुक करून बुडते.

"या वाटीनं तालुक्यातली निम्मी लग्नं लावली," भाऊकाका म्हणत. "आता कथा लावतीय. नियम तोच. वाटी बुडाली की सावधान, नंतर कुणी कुरकुरायचं नाही."

ते एक शब्द सांगत. उंबरा, किंवा हळद, किंवा परतीचं तिकीट. वाटी पाण्यात पडे आणि सगळे पोस्टकार्डावर वाकत. कुणाच्या तरी माळ्यावर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला होता, म्हणून कथा पोस्टकार्डाएवढीच. आणि कट्ट्याची एक जुनी रीत होती: पात्रांना घरच्यांचीच नावं द्यायची. नाव शोधत बसलात तर तुमच्या आधी वाटी बुडते, असं भाऊकाका पहिल्याच दिवशी सांगत. त्यामुळे कट्टेकऱ्यांच्या नवऱ्या-बायकांनी, सासू-सासऱ्यांनी आजवर काय काय सोसलं होतं. फरीदा मुजावरच्या सासूला दोनदा बिबट्यानं नेलं होतं. सासूबाई कौतुकानं शेजाऱ्यांना सांगत, "गेल्या आठवड्यात परत खाल्लं हो मला."

हेमांगी दिवसभर बियाणांच्या प्रयोगशाळेत असे. ओल्या कागदाच्या वळकट्या उलगडायच्या, कुठल्या दाण्याला कोंब आला, कुठला झोपूनच राहिला ते पाहायचं. जालिंदरचं बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. जळालेल्या पंपातली तार काढायची, नवी तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची. बोलणं कमी. पण गुरुवारी ती घरी आली की कुकरची शिटी व्हायच्या आत त्याचा प्रश्न ठरलेला.

"काय, आज मेलो का जगलो?"

"मेलात. विहिरीत."

"परत? अगं, गेल्या महिन्यात गाडीखाली घातलंस. जरा आजारी पाड, दवाखान्यात ठेव. चार दिवस पडून तरी राहीन."

मग विलंबित आली.

ती फरीदानं आणली. फरीदा विस्मरणाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होती. विलंबित म्हणजे कपाळाला बांधायची मऊ पट्टी. मुळात ती विसरत चाललेल्या म्हाताऱ्यांसाठी केली होती, पण आता बाजारातही मिळू लागली होती, आणि राज्यभरच्या घटका-स्पर्धांत चालत होती.

"यात जादू काही नाही," फरीदानं समजावलं. "उंदीर दिवसा बोळांतून धावतो. रात्री झोपला की त्याचा मेंदू तीच वाट पुन्हा धावतो, पण कितीतरी पट वेगानं. सगळी वाट एका श्वासात. आपलंही तसंच असतं. झोपेत मेंदू दिवस गुंडाळून ठेवतो, सतरंजीसारखा. ही पट्टी ते गुंडाळणं जागेपणी करू देते. बाहेर घटका जाते, आत अख्खी दुपार उलगडते."

"म्हणजे कथा लिहायची नाही," भाऊकाका म्हणाले. "कथेत राहून यायचं."

"राहून यायचं, आणि वाटी बुडता बुडता चार ओळींत सांगायचं."

त्या दिवशीचा शब्द होता 'पैलतीर'. हेमांगीनं पट्टी बांधली, डोळे मिटले. आणि नाव होती. तिनं ती आणली नव्हती, ती होतीच. दुपारचं ऊन पाण्यावर सांडलेलं. समोर कुणी तरी वल्हवत होतं, त्याला नाव हवं होतं, आणि सवयीनं हाताशी आलं तेच नाव तिनं दिलं. जालिंदर. नाव घेताच त्याला चेहरा आला, मनगटावर तारेचे ओरखडे आले. संगमाच्या मध्यावर त्यानं वल्हं आत ओढलं आणि गायला लागला:

एक आली वरल्या अंगं, एक आली खालल्या अंगं,
कोण कुणाच्या गं पोटी, पाणी पाण्याला न सांगं.

ती त्याला म्हणाली, "तू गातोस?" उभ्या संसारात ती त्याला कधी तू म्हणाली नव्हती. नावेत म्हणाली.

ती कथा राज्यात पहिली आली. मग हेमांगी थांबेना, घरीही रोज पट्टी बांधू लागली. शब्द कुठलाही असो, आत शिरलं की जालिंदर तिथं असायचाच. जोंधळ्याच्या बनात, रिकाम्या सिनेमागृहात, कुठल्याशा डोंगरावरच्या धुक्यात. तो तिचं ऐकत बसे. दुकानाला कुलूप लावून येई. भाऊकाकांनी सगळ्या कथा वाचल्या, चष्मा पुसला, आणि एवढंच म्हणाले, "गोड आहेत, पोरी. पण यांना घाम आलेला नाही."

घरी जालिंदरचा प्रश्न येई. मेलो का जगलो? "जगलात," ती म्हणे, आणि आपल्यातच हसे. हळूहळू त्यानं विचारणं सोडलं. तिच्या लक्षातही आलं नाही. तिला विचारायला, ऐकायला एक जालिंदर होताच. खरा जालिंदर घरातून जाई-येई तेव्हा ती पूर्वीसारखी दारापर्यंत येत नसे, कारण तिच्या लेखी अख्खी दुपार त्याच्यासोबत घालवूनच ती बसलेली असे.

पोह्यांच्या त्या सकाळनंतर जालिंदर स्वतःच्याच नावाला बिचकायला लागला.

"तुम्ही म्हणाला होतात, यंदा आपण डोंगरावर जाऊ."

"मी?"

"नाही. म्हणजे... तो."

"तो बरा आहे गं माझ्यापेक्षा," एकदा भाकरी मोडता मोडता तो म्हणाला. "वल्हं मारतो. गातो. दुकानाला कुलूप लावतो."

"अहो, तो तुम्हीच आहात की."

"मग मला कसं माहीत नाही?"

हेमांगीला राग आला, आणि राग कुणाचा आला तेही कळेना. समोरच्या माणसाच्या प्रत्येक गप्प बसण्यावर आता दुसऱ्याच्या गाण्याची सावली पडत होती. तार भरून थकलेल्या त्याच्या हातांकडं पाहताना तिला वाटे, हे हात वल्ह्यावर किती हलके होते.

एका संध्याकाळी ती घरी आली नाही. जालिंदरनं प्रयोगशाळेत फोन केला, वाचनालयात डोकावला, आणि शेवटी घाटावर आला. हेमांगी खालच्या पायरीवर बसली होती. साडी नवी. केसांत अबोली. पाण्यावरचा उजेड ओसरत चालला होता, आणि पलीकडच्या मळ्यातून माणसावाचून चालणारे ट्रॅक्टर दिवे लावून परतत होते.

"हेमा."

ती वळली. डोळे सुजलेले. "केव्हापासून बसलीय. तू येतो म्हणाला होतास."

तो दोन पायऱ्या वर थांबला. तिला जवळ घ्यावं, की ज्यानं तिला इथं बसवलं त्याचा गळा धरावा, हे त्याला ठरवता येईना. आणि गळा कुणाचा धरणार?

"मी नव्हतो म्हणालो," तो हळूच म्हणाला.

हेमांगीनं त्याच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं, एखाद्या दाण्यातून कोंब येतोय का ते पाहावं तसं. मग तिनं केसांतली अबोली काढली आणि ओंजळीत घेऊन रडली. "तुम्ही आलात," ती म्हणाली. "तो नाही आला. आणि मी त्याच्यासाठी रडतीय. काढून टाकू या त्याला. फरीदाला विचारू या."

फरीदाच्या दवाखान्यात भिंती निळसर होत्या आणि खिडकीबाहेर चिंच होती. तिनं दोघांना बसवलं, चहा मागवला, आणि आधी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"पट्टी मीच आणली. मला सुचायला हवं होतं. ऐका. आपण काही मनात रचतो तेव्हा मेंदूला श्रम पडतात. त्या श्रमांची खूण आठवणीला चिकटून राहते. आणि रचलेलं चित्र फिकटही असतं. त्या दोन गोष्टींवरून मेंदू ओळखतो, की हे घडलेलं नाही, हे मी केलंय. विलंबितमध्ये श्रम नाहीत, आणि चित्र फिकट नाही. ऊन लागतं, वास येतो. मग खूण लागणार कुठून?"

"घाम आलेला नाही, असं भाऊकाका म्हणाले होते," हेमांगी पुटपुटली.

"तेच. दुसऱ्या गावच्यांना फारसं बाधलं नाही, कारण ते यंत्राला नवी नावं विचारतात. अनोळखी माणसाची आठवण सुटी राहते, गळून जाते. आपल्या कट्ट्यानं घरचीच नावं घेतली, आणि त्यात तू तर रोज पट्टी बांधलीस. तुझा नावेतला जालिंदर जाऊन खऱ्या जालिंदरच्या आठवणींत बसला. आता तो तिथंच वेटोळं घालून आहे."

"काढता येईल?" जालिंदरनं विचारलं.

"येईल. आठवण जेव्हा पूर्ण वर येते तेव्हा ती थोडा वेळ मऊ होते. ओल्या मातीसारखी. त्या वेळी पट्टी उलटी चालवली की पुसट होत जाते. पण..." फरीदानं चहाचा कप उगाच फिरवला. "ती एकटी जाणार नाही. तिच्याशी जे जे गुंतलंय त्यातलंही काही जाईल. काय जाईल ते आधी सांगता येत नाही."

"एक वेटोळं जळलं तरी सगळी कॉइल उतरवावी लागते," जालिंदर म्हणाला. "म्हणजे खांबाला मिठी मारलेलीही जाईल?"

"जाऊ शकते."

"लग्नाच्या आधीची? आजारपणातली? मी तिला डबा घेऊन जायचो त्या वेळची?"

"जालिंदरभाऊ, मी खोटं सांगणार नाही."

तो हेमांगीकडं वळला. "तू ठरव. तुझं डोकं आहे."

"आणि तुमचं काय?"

"माझ्या आठवणी माझ्याकडं आहेत की. तुला विसरायला झालं तर मी सांगत बसेन." तो हसायला गेला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही.

हेमांगीनं तिथून निघून जावं असं फरीदाला वाटलं असेल. पण ती उठली नाही. तिच्या डोळ्यांसमोर घाटाची पायरी होती. उद्या पुन्हा त्या पायरीवर बसायचं, पुन्हा न येणाऱ्याची वाट पाहायची, आणि येणाऱ्याकडं पाठ करायची. "करू या," ती म्हणाली.

फरीदानं पट्टी तयार ठेवली, पण लगेच बांधली नाही; हेमांगीच्या कपाळाला फक्त बारीक तारा चिकटवल्या, आणि त्यांची रेघ समोरच्या पडद्यावर उमटायला लागली. "आधी तू सगळं सांगायचंस. मोठ्यानं. आणि जालिंदरभाऊ, तुमचंही काम आहे. नुसती आठवली म्हणून आठवण मऊ होत नाही. ती म्हणते, मला सगळं माहीत आहे, आणि दार लावून बसते. तिला काही तरी अनपेक्षित ऐकू यावं लागतं. धक्का बसला की दार उघडतं. तेव्हा जिथं हिचं चुकतंय तिथं तुम्ही सांगायचं. मी असतो तर काय केलं असतं, ते. खरं खरं."

"मला बोलता येत नाही तुमच्यासारखं."

"तेच हवंय."

हेमांगीनं डोळे मिटले आणि सांगायला लागली. ऊन. पाणी. लाकडाचा ओला वास. तिचा आवाज खाली खाली जात होता, अंगाई म्हणताना जातो तसा. "तुम्ही वल्हवताय. मी पाण्यात बोटं सोडलीयत. आपण मध्यावर आलोय."

"मी नावेत नाही," जालिंदर म्हणाला.

"माहीत आहे. तुम्हाला पोहता येत नाही."

फरीदानं पडद्याकडं पाहिलं आणि मान हलवली. दार बंदच. त्याला पोहता येत नाही, हे हेमांगीला आधीच ठाऊक होतं.

"तुम्ही वल्हं आत घेता," हेमांगी पुढं म्हणाली. "आणि गाता. एक आली वरल्या अंगं, एक आली..."

"ही ओवी मला येत नाही. ती तुझी आहे, हेमा. तूच केलीयस."

हेमांगीच्या पापण्या हलल्या. पडद्यावरची रेघही जराशी हलली आणि पुन्हा स्वस्थ झाली. तेही तिला आत कुठं तरी ठाऊक असावं.

"मग तुम्ही कुठं आहात?" तिनं विचारलं. डोळे मिटलेलेच. आणि विचारल्यावर तिला जाणवलं, की इतक्या दुपारी त्याच्यासोबत घालवल्या, पण हा प्रश्न तिनं नावेतल्या जालिंदरला कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. तो जे जे बोलला ते ते तिला आधीच माहीत होतं.

जालिंदरनं गुडघ्यांवर हात चोळले. "काठावर," तो म्हणाला. "तू बसली असतीस नावेत, तुला आवडतं. मी काठाकाठानं चालत आलो असतो. चपला हातात घेऊन. मध्ये मध्ये ओरडलो असतो, अगं फार आत जाऊ नकोस, तिथं भोवरा आहे म्हणून."

"मला ऐकू आलं नसतं."

"नसतंच आलं. तुझं लक्ष कुठं असतं? मग मी शीळ घातली असती."

"तुम्हाला शीळ येते?"

"येते की."

हेमांगीनं डोळे उघडले. "कधीपासून?"

"लहानपणापासून. म्हशीमागं असायचो तेव्हा. सगळी गाणी यायची, सुरावटीसकट."

"इतक्या वर्षांत एकदाही..."

"तुझी आई." जालिंदर कधी नव्हे तो लाजला. "बघायला आलो होतो तुला. अंगणात चपला काढताना सहज शीळ घातली. तुझी आई आतून कुणाला तरी म्हणाली, शिट्ट्या मारणारी पोरं आपल्याकडं चालायची नाहीत. मला वाटलं, गेलं स्थळ. म्हटलं, एवढी सोयरीक जमू दे, परत घालणार नाही." तो थांबला. "जमली. मग नाही घातली."

हेमांगी त्याच्याकडं अशी पाहत होती, जणू ओल्या कागदाच्या वळकटीत, झोपूनच राहील म्हणून बाजूला ठेवलेल्या दाण्यानं मान वर केली होती.

"आईला जाऊनही कितीतरी वर्षं झाली," ती म्हणाली.

"शब्द दिलेला ना."

"कुणाला?"

"कुणाला नाही. मनातल्या मनात."

पडद्यावरची रेघ उसळली. फरीदा पुढं सरकली. "हेमा, उघडलंय. आता बांधते."

"थांब," हेमांगी म्हणाली. तिनं डोळे पुन्हा मिटले होते. "अहो, घाला."

"इथं? दवाखान्यात?"

"जालिंदरभाऊ," फरीदा म्हणाली, "पेशंट झोपलेत शेजारी. घालायची तर लवकर घाला, नाहीतर मलाच बाहेर काढतील."

त्यानं ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. फरीदानं तोंड दाबून हसू आवरलं. तो खाकरला, पुन्हा ओठ जुळवले, आणि मग एक बारीक सूर निघाला, गंजलेला, चाचपडणारा. तो वर चढला, एका जागी डगमगला, सावरला, आणि सरळ जायला लागला. कुठलंच गाणं नव्हतं ते. म्हशी परत वळवताना घालतात तशी लांब, वळणावळणाची शीळ.

"हेमा, बांधू की नको?" पट्टी हातात धरून फरीदानं विचारलं. "थोड्या वेळानं दार मिटेल. जे आत असेल ते आत राहील."

हेमांगीनं मान हलवली. नको.

पाण्यावर ऊन सांडलेलं होतं. नाव आपली आपण फिरत होती. दूर काठावर, चपला हातात घेऊन, एक माणूस नावेबरोबर चालत होता, चिखलात पाय घसरत होता, आणि त्याची शीळ पाण्यावरून येत होती. हेमांगी नावेच्या कडेला रेलून त्या दिशेनं पाहायला लागली. वल्ह्यापाशी बसलेला जालिंदर गाता गाता थांबला. त्यालाही ऐकायचं होतं.